साहेबांचं इंग्रजी विशेषण

आमच्या कॉलेजच्या संस्थापक अध्यक्षांना पंचाहत्तरावं वर्ष लागलं आणि त्यांचा सत्कार करायचं ठरलं. सत्कार म्हटला की मानपत्र आलंच. या खेपेला ते मराठीसोबत इंग्रजीतही हवं होतं, कारण प्रमुख पाहुणे दिल्लीहून येणार होते. इंग्रजी मानपत्र लिहायचं काम प्राचार्यांनी स्वतःकडे घेतलं आणि तपासायचं माझ्याकडे दिलं. त्या तपासणीपायी माझी नोकरी गेली, तीच हकिगत सांगतो.

मी तिथे इंग्रजी शिकवायचो, तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये नारळ, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. तेच टेबल, तीच तीन माणसं, आणि चेहरे असे की जणू हा गृहस्थ त्यांनी आधी कधी पाहिलेलाच नाही. अशा अकरा मुलाखती मी दिल्या होत्या. "इंग्रजी का शिकवावंसं वाटतं?" या प्रश्नाचं माझं उत्तर दरवर्षी थोडं थोडं आखूड होत गेलं होतं. कॉलेज कवठे महांकाळच्या बाजूला, माळावर. माझं गाव आटपाडी तालुक्यात. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते अजून तीस-चाळीस मेंढरं राखून आहेत. मी पुस्तकाकडे गेलो म्हणून त्यांनी मला कधी बोल लावला नाही, आणि कौतुकही केलं नाही.

प्राचार्य मूळचे वाईचे. बोलणं स्वच्छ, सदऱ्याची इस्त्री त्याहून स्वच्छ. विषय वाणिज्य, पण जीव इंग्रजीत अडकलेला, त्यातही अवघड इंग्रजीत. पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर त्यांनी एक सूचना लावली होती. तीन ओळींची, इंग्रजी, आणि तिच्यातला एकही शब्द सहा अक्षरांच्या आतला नव्हता. मुलं ती सूचना वाचत वाचत तिथेच हात धुवायची. शेवटी शिपायाने तिच्याखाली खडूने लिहिलं, 'हितं हात धुवू नये', तेव्हा कुठे टाकीभोवतीचा चिखल वाळला.

आणि साहेब, म्हणजे अध्यक्ष. शिक्षणमहर्षी, आणि दर निवडणुकीत निवडून येणारे पुढारी. त्यांच्या शिक्षणकार्याबद्दल मी फार बोलत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं सांगतो. मुलींच्या वसतिगृहाच्या इमारतीत साहेबांच्या पुतण्याचं मंगल कार्यालय चालायचं. लग्नसराईत मुली नातेवाइकांकडे राहायच्या. ग्रंथालयाला कुलूप असायचं, पुस्तकं झिजू नयेत म्हणून. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गॅस नव्हता, पण साहेबांचा पूर्णाकृती फोटो होता, आणि मुलं प्रयोगाची वही त्या फोटोकडे बघत भरायची.

तर प्राचार्यांनी मानपत्राचा कागद माझ्यापुढे सरकवला. "जरा स्वल्पविराम वगैरे बघा," ते म्हणाले. "भाषा मी पाहिलेली आहे."

पानभर मजकूर होता. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, की दुष्काळी भागातल्या शिक्षणाला साहेबांचं योगदान 'इग्रीजियस' आहे.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. "सर, हा शब्द..."

"अडकलात ना?" प्राचार्य खूश झाले. "मला खात्री होती. 'एमिनंट' काय, 'ग्रेट' काय, कोणीही लिहितं. हा शब्द सांगली जिल्ह्यात याआधी कोणी वापरलेला नसेल."

"सर, याचा अर्थ वाईट होतो. साधा वाईट नाही, डोळ्यांत खुपेल इतका वाईट. 'इग्रीजियस' चूक म्हणजे अक्षम्य घोडचूक."

प्राचार्य रागावले नाहीत. त्यांनी कपाट उघडलं आणि आजोबांचा शब्दकोश काढला. वाईच्या घरून आणलेला, कातडी बांधणीचा, पानं चहाच्या रंगाची झालेली. त्यांनी पान काढून माझ्यासमोर धरलं. थोर, नामांकित, इतरांतून उठून दिसणारा, असा अर्थ तिथे दिलेला होता खरा. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, पण तिच्यावर प्राचार्यांचा अंगठा होता.

"सर, तुमच्या अंगठ्याखाली काहीतरी आहे."

"तो दुय्यम अर्थ. मानपत्रात नेहमी मुख्य अर्थ घ्यायचा."

मी मोबाईल काढून दाखवायला लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं. "मोबाईलवर कोणीही काहीही लिहितं. हा कोश माझ्या आजोबांनी इंग्रजांच्या राज्यात घेतलेला आहे. आणि मूळ शब्द लॅटिन आहे. लॅटिनमध्ये वाईट शब्द नसतात." एवढं बोलून त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "तपासणाऱ्याची सही इथे. सोमवारपर्यंत द्या."

मी तडक ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालांनी कुलूप काढलं आणि मी बाहेर येईपर्यंत किल्ली हातात धरून दारात उभे राहिले. शब्दांच्या व्युत्पत्तीचा एक जाडजूड कोश तिथे होता, प्लॅस्टिकच्या वेष्टणासकट. ते वेष्टण मीच फाडलं. प्राचार्यांचा शब्द काढला आणि वाचतच राहिलो.

लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. मेंढरांचा, गुरांचा. 'ए ग्रेगे' म्हणजे कळपातून बाहेर. कळपातून बाहेर उठून दिसणारा तो 'इग्रीजियस'. आधी हा शब्द मानाचाच होता. प्राचार्यांच्या आजोबांची त्यात चूक नव्हती. मग चारेकशे वर्षांपूर्वी इंग्रज लोक तो चेष्टेने म्हणायला लागले असावेत, आणि होता होता त्याचा मान गळून गेला, चेष्टा तेवढी उरली.

मी आजूबाजूचे शब्द बघत गेलो. आमच्या मुलांच्या गुणपत्रिकेवर 'ॲग्रिगेट' असतं, ते म्हणजे कळपात आणून घातलेलं. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यांवर 'सेग्रिगेट' लिहितात, ते कळपापासून वेगळं काढलेलं. प्रार्थनेला जमतात ती 'काँग्रिगेशन', तीही कळपच. अकरा वर्षं मी हे शब्द फळ्यावर लिहीत होतो. आमच्याच वाड्यावरची मेंढरं त्यांतून चरत होती आणि मला ती दिसली नव्हती. खरं सांगायचं तर त्या घटकेला मला फार आनंद झाला. मानपत्र, सही, सगळं विसरलो.

हे कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. स्टाफरूममध्ये मराठीच्या बाई होत्या. रोज सांगलीहून एसटीने येणाऱ्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या आणि त्यामुळे कोणाला न भिणाऱ्या. त्यांनी डबा खाता खाता सगळं ऐकून घेतलं.

"त्यात नवल काय आहे?" त्या म्हणाल्या. "आपल्याकडे 'प्रताप' बघा की. केवढा तेजस्वी शब्द. आता आई पोराला विचारते, आज काय प्रताप केलेस शाळेत? आणि 'महाभाग'? संस्कृतात थोर, भाग्यवान. आता उलट्या बाजूने गाडी घालतो तो महाभाग. लोकांना फार थोर माणसं दाखवली ना, की लोक शब्दाचाच सूड घेतात."

"मग काय करू, बाई?"

"मराठी मानपत्र माझ्याकडे आहे. त्यात मी 'महाभाग' घालते. दोन्ही भाषा जुळतील." आणि त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग जरा गंभीर होऊन म्हणाल्या, "सही करू नका. तुमचा विषय आहे तो."

रविवारी मी गावी गेलो. ज्वारी काढलेल्या एका रानात आबांनी मेंढरं बसवली होती. माणगंगेचं पात्र तिथून दिसतं, पाणी सहसा दिसत नाही. आबा बाभळीखाली बसून एका कोकराच्या पायातला काटा काढत होते. मी शेजारी टेकलो. कळपाला आमच्याकडे खांडवा म्हणतात.

"आबा, खांडव्यातनं भाईर काढल्यालं मेंढरू म्हंजी चांगलं का वाईट?"

"कंच्या मेंढराचं ईचारतुयास?"

"कंचंबी. नुसतं भाईर काढल्यालं."

आबांनी काटा निघाला का ते बोटाने चाचपलं, कोकरू सोडलं, मग बोलले. "भाईर काढत्यात ती दोनच. एक बीजाचा एडका. नाक पोपटावानी, मान ताठ. त्येला जत्रंत दावायचा आसतुया, म्हून येगळा बांधायचा, खुराक घालायचा. आन दुसरं खरजीचं. त्ये आत ऱ्हायलं तर समद्यांस्नी लागतंय."

"लांबनं बघणाऱ्याला कसं कळायचं, ह्यातलं कंचं ते?"

"लांबनं न्हाई कळत. लांबनं दोनीबी येकटीच दिसत्यात. जवळ जायाचं, पाठीवर हात घालायचा. लोकर हातात आली की खरजीचं." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "का रं? कालेजात मेंढरं घ्याया लागली व्हय?"

"लय दिस झालं, आबा," मी म्हणालो.

सोमवारी मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो ते बोलायचं ठरवूनच. वाक्यंही पाठ केली होती. 'सर, हा शब्द तुमच्या अर्थाने आज कोणी वाचणार नाही. पाहुणे वाचतील तेव्हा आपलं हसं होईल.' मी तोंड उघडलं तेवढ्यात प्राचार्य म्हणाले, "बसा. पुढच्या जूनच्या नेमणुकांची यादी साहेबांकडे पाठवायची आहे, या वेळी लवकर मागितलीय. तुमचं नाव मी वर घेतलंय." आणि त्याच श्वासात, "तो कागद आणलाय ना?"

मी खिशातून पेन काढलं आणि सही केली. सही नेहमीपेक्षा ठसठशीत आली. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी बाईंच्या समोरची खुर्ची टाळून खिडकीपाशी बसलो.

सत्काराचा दिवस उजाडला. मैदानावर मांडव, पहिल्या रांगेत सोफे, मागे लाल खुर्च्या, त्याच्यामागे आमची मुलं उन्हात. पाहुणे एक निवृत्त कुलगुरू होते. किडकिडीत, हळू आवाजाचे, फक्त इंग्रजीत बोलणारे. त्यांच्या भाषणाचं मराठी करायला मला व्यासपीठावर उभं केलं होतं. अध्यक्षांना फेटा, पाहुण्यांना फेटा, प्राचार्यांना फेटा. मला माईक.

प्राचार्यांनी इंग्रजी मानपत्र स्वतः वाचलं. 'इग्रीजियस'पाशी ते थांबले, सभेवरून नजर फिरवली आणि शब्द पुन्हा एकदा म्हटला. मग सोनेरी अक्षरांची ती फ्रेम साहेबांना देण्यासाठी पाहुण्यांच्या हातात आली. पाहुण्यांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावून वाचलं. मग साहेबांकडे बघितलं, मागच्या वसतिगृहाच्या इमारतीवरच्या 'शुभविवाह' या कमानीकडे बघितलं, आणि फ्रेम अदबीने साहेबांच्या हाती दिली.

नंतर ते बोलायला उभे राहिले. ते एक वाक्य बोलत, मी त्याचं मराठी करत असे.

"मी आयुष्यात शेकडो मानपत्रं ऐकली," मी म्हणालो. "त्यातली बहुतेक खोटी होती."

सोफ्यांवरची माणसं सावरून बसली.

"आज पहिल्यांदाच एका संस्थेनं आपल्या संस्थापकांविषयीचं सत्य सोनेरी अक्षरांत छापलेलं मी पाहतो आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी स्वतःही वाजवल्या.

"हा शब्द निवडायला धैर्य लागतं. ज्यांनी तो निवडला त्यांना मी नमस्कार करतो."

प्राचार्य उठून उभे राहिले आणि चारी दिशांना वाकले. मी पदरचा एक शब्द घातला नव्हता की गाळला नव्हता. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अचूक भाषांतर होतं. मराठीच्या बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

कार्यक्रम संपल्यावर पाहुणे माझ्याजवळ आले. हळूच इंग्रजीत म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं, होय ना?" मी त्यांच्या बुटांकडे बघितलं आणि म्हणालो, "सर, जेवण तयार आहे."

एवढ्यावर हे मिटलं असतं. पण साहेबांना शब्द आवडला. त्यांनी प्राचार्यांना अर्थ विचारला. प्राचार्य म्हणाले, "लाखांत एक, साहेब."

"लाखांत येक!" साहेब म्हणाले. "आन येवढ्या वर्सांत मला ह्ये कुनी म्हनलं न्हाई."

पुढच्या पंधरवड्यात तालुक्यातल्या प्रत्येक चौकात फ्लेक्स लागले. 'इग्रीजियस नेतृत्व.' 'दुष्काळी भागाचे इग्रीजियस सुपुत्र.' एका गावात छापणाऱ्याने 'इंग्रजीयस' छापलं. लोकांना तेच जास्त पटलं. साहेबांचा ड्रायव्हर एसटी स्टँडवर सांगायचा, "साहेब आता इंग्रजीयस झाल्याती. म्हंजी इंग्रजीतच बोलत्यात, पर आपल्यासंगं मराठीत." क्रिकेटच्या सामन्यांना 'इग्रीजियस चषक' नाव पडलं. कॉलेजसमोरच्या न्हाव्याने दुकानावर 'इग्रीजियस जेन्ट्स पार्लर' अशी पाटी लावली, आणि तिचं उद्घाटन साहेबांच्या हस्ते झालं. मुलं मला वर्गात विचारायची, "सर, परीक्षेत निबंधात घातला तर चालंल का?" मी म्हणायचो, "जपून घाला."

साहेबांची धाकटी सून साताऱ्याची, इंग्रजी शाळेत शिकलेली. बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, त्यामुळे सत्काराला नव्हती. ती परत आली ती या सगळ्या फ्लेक्समधूनच. म्हणे गाडीत इतकी हसली की बाळ दचकून रडायला लागलं. घरी येऊन तिने सासूला सांगितलं, सासूने साहेबांना. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता प्राचार्य आणि मी बंगल्याच्या व्हरांड्यात उभे होतो.

साहेब झोपाळ्यावर बसले होते, पाय खाली टेकलेले. झोपाळा हलत नव्हता.

"सूनबाई म्हनती ही शिवी हाय," ते म्हणाले. "हाय का?"

प्राचार्य पुढे झाले. "साहेब, इटलीमध्ये आजही पत्राच्या सुरुवातीला मान म्हणून हाच शब्द लिहितात."

ते म्हणाले ते खरं होतं. म्हणजे कधीतरी अंगठा उचलून त्यांनी खालची ओळ आणि त्यापुढचंही वाचलं होतं.

"आपन इटलीत हाय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"मंग?"

प्राचार्यांनी बगलेतली फाईल उघडली आणि तो कागद काढला. "मजकूर इंग्रजी विभागाने तपासलेला आहे. ही यांची सही."

मी म्हणालो, "सर, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"तोंडी," प्राचार्य शांतपणे म्हणाले. "लेखी काही नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तू आटपाडीकडचा न्हवं? मेंढरंवाल्याचा. बोल."

मग मी जे होतं ते सांगितलं. मूळ लॅटिन शब्द कळपाचा. कळपातनं बाहेर निघालेला तो इग्रीजियस. आधी चांगला अर्थ होता, मग लोक चेष्टेनं म्हणायला लागले. हे सांगता सांगता माझी भाषा आपसूक घरची झाली.  मी थांबल्यावर साहेब म्हणाले, "आमीबी मेंढरं राखल्याती. ल्हान आसताना, चुलत्याची." हे त्यांच्या कुठल्याच मानपत्रात नव्हतं. मराठीतही नव्हतं, इंग्रजीतही नव्हतं.

"भाईर काढत्यात ती दोनच, साहेब," मी म्हणालो. "येक बीजाचा एडका, आन येक खरजीचं."

"व्हय," साहेब म्हणाले. "आन मी कंचं?"

प्राचार्यांच्या घशातून काहीतरी आवाज आला. सून बाळाला घेऊन व्हरांड्याच्या दारापाशी आली होती, तीही थबकली.

"जवळनं हात लावल्याबिगर सांगता येत न्हाई, साहेब. आन तुमाला हात लावायची आमची टाप न्हाई."

 साहेब मांडीवर थाप मारून एवढ्याने हसले की झोपाळा हलायला लागला. "लय बेरकी हाय रं ह्ये!" प्राचार्यही हसले, थोडं उशिरा. आत चहा सांगितला गेला. मला वाटलं, सुटलो.

प्राचार्यांनी विचारलं, "साहेब, मग फ्लेक्स उतरवून घेऊ?"

"उतरवू नगा. ह्या भागात कुनाला ठावं हाय अर्थ? उतरवलं की मातूर समदी ईचारत्याली, का उतरवलं म्हून." साहेब कशाच्या जोरावर निवडून येत होते ते मला त्या सकाळी पहिल्यांदा नीट कळलं. फ्लेक्स राहिले. पाऊस-उन्हाने फाटले तेवढेच गेले.

जूनमध्ये मला मुलाखतीचं पत्र आलं नाही. मी ऑफिसात गेलो, तर क्लार्क रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाला, "वर्कलोड बसत नाही, सर." यादीत माझं नाव वरच होतं म्हणे, पण ज्या पानावर होतं ते पानच बदललं होतं. प्राचार्यांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. माझ्या जागी जो आला तो साहेबांच्या पुतण्याचा मेहुणा, आणि त्याने इंग्रजी नव्हे, भूगोल घेऊन एम. ए. केलेलं आहे. बाईंनी फोन केला. मला वाटलं, त्या म्हणतील की मी सांगितलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "जेवलात का?"

आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "खोटं बोलला व्हतास का?" मी नाही म्हणालो. "मंग खरं बोलला व्हतास का?" त्यावर मी मेंढरं मोजायला लागलो. लोकर कातरायचे दिवस होते. त्यांनी कातरी माझ्या हातात दिली आणि मी संध्याकाळपर्यंत मेंढरं धरली, कातरली. दोन मेंढरांना माझ्या हातून ओरखडे गेले.

आता मी साताऱ्यात असतो. सैन्यभरतीची तयारी करून घेणाऱ्या एका अकॅडमीत इंग्रजी शिकवतो. पोरं पहाटे पळून येतात आणि माझ्या तासाला डुलक्या घेतात. त्यांना इंग्रजी लेखी पेपरापुरतं हवं असतं, आणि तसं ती तोंडावर सांगतात. अकरा वर्षांत एवढं सरळ माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

गेल्या महिन्यात पोवई नाक्यावर प्राचार्य भेटले. आता निवृत्त झालेत, पण इस्त्री तशीच. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, आग्रहाने चहाला नेलं, आईवडिलांची चौकशी केली. चहा अर्ध्यावर आला तेव्हा ते पुढे वाकून म्हणाले, "तुमच्याबद्दल मला अजून हळहळ वाटते. पण एक सांगू? तुम्ही त्या वेळी जरा ठामपणे बोलायला हवं होतंत. निदान आपल्या विषयात तरी माणसाने ठाम असावं."

चहा गरम होता. मी तो गिळला.

"हो, सर," मी म्हणालो.

मग त्यांच्या वाईच्या गाडीची वेळ झाली. त्यांच्याकडे पेढ्यांचे दोन बॉक्स आणि एक पिशवी होती. पिशवी मी घेतली. गाडीला गर्दी होती, तेव्हा आधी आत शिरून मी त्यांना खिडकीजवळची जागा धरून दिली.